सेंट क्रॉयचा सरडा: आडनाव बदललं, पत्ता पण बदलला

लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो आणि ते वळून बघायचं पण, निदान आम्हाला तसं वाटायचं. मुंगूस दिसलं म्हणजे दिवस चांगला जाणार, हे तर ठरलेलंच. इंग्रजीतला मंगूस हा शब्द मराठीतून गेलाय असं मोठमोठे इंग्रजी शब्दकोश सांगतात, हे कळल्यावर मला उगाचच दोन दिवस अभिमान वाटत होता. मग कळलं की शब्दाच्या मागोमाग प्राणीही बोटीत बसून थेट कॅरिबियन समुद्रात गेला आणि तिथे त्याने जे उद्योग केले ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नाहीत.

त्या उद्योगांत सापडलेला एक छोटासा सरडा म्हणजे सेंट क्रॉयचा सरडा. याच्याबद्दल वाचायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत डोकं फिरतं, कारण जुन्या कागदांत याचं नाव अमिवा पोलॉप्स आहे आणि नव्यात फॉलिडोसेलिस पोलॉप्स, म्हणजे हे दोन प्राणी आहेत की एकच ते आधी समजत नाही. आणि दुसरं म्हणजे नाव सेंट क्रॉयचा सरडा, पण सेंट क्रॉय बेटावर आज तो सापडत नाही. हे दोन्ही गोंधळ सोडवायचे म्हणून हा लेख.

आधी हा प्राणी कोण ते बघू

मराठीत यांच्यासाठी एकच असा शब्द नाही हीच पहिली अडचण. भिंतीवरची ती पाल, कुंपणावर मान हलवणारा तो सरडा, पालापाचोळ्यात चकाकत पळणारी ती सापसुरळी आणि शेतातली ती घोरपड. आपला पाहुणा यातला कुणीच नाही. तो टेइडी नावाच्या कुटुंबातला आहे आणि हे कुटुंब फक्त अमेरिकेकडच्या बाजूला सापडतं, आपल्याकडे त्यातलं कुणीही नाही. वागणं बघितलं तर सापसुरळीची आठवण येईल, म्हणजे दिवसा उन्हात अंग तापवायचं आणि मग पालापाचोळा उकरत, खसफस करत किडे, पतंग, बारीक शंखखेकडे शोधत फिरायचं. मी सोयीसाठी पुढे सरडाच म्हणतोय.

आकार म्हणाल तर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत फार फार तर तीन इंच, त्यापुढे लांब शेपूट. पाठ तपकिरी, त्यावर गडद-फिकट पट्टे, गळा आणि छाती गुलाबी-लालसर, आणि शेपटीवर निळ्या नि काळ्या रंगाच्या आळीपाळीने कड्या. पाठीवर वाळूसारखे बारीक खवले आणि पोटावर मात्र फरशा बसवल्यासारखे मोठे चौकोनी खवले.

नाव आणि आडनाव

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द जीनस, दुसरा स्पीशीज. यांना मराठीत काय म्हणायचं यावर न बोललेलं बरं, कारण शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि पेपरात प्रजाती म्हणजे स्पीशीज, त्यामुळे मी सरळ आडनाव आणि नाव म्हणतो. शाळेच्या हजेरीत कसं आडनाव आधी येतं, पाटील सुनील, पाटील सुरेखा, तसंच. पोलॉप्स हे याचं नाव, ते पहिल्यापासून तेच आहे. बदललं ते आडनाव.

पोलॉप्स हे नाव दिलं एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १८६२ साली. हा तोच कोप ज्याचं पुढे डायनासोरच्या हाडांवरून मार्श नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाशी जन्माचं वैर झालं आणि दोघं त्यात कंगाल व्हायची वेळ आली. पण १८६२ मध्ये तो विशीतला पोरगा होता आणि सरडे, साप, बेडूक यांना नावं देत सुटला होता. त्याने या सरड्याला अमिवा या आडनावाखाली टाकलं, कारण तसे दिसणारे सगळे तेव्हा अमिवाच.

आज पूर्ण नाव लिहायचं तर फॉलिडोसेलिस पोलॉप्स (कोप, १८६२) असं लिहितात. यातला कंस बघा. तो कंस शोभेला नाहीये. नाव देणाऱ्याचं नाव कंसात असेल तर त्याचा अर्थ असा की त्याने नाव दिलं तेव्हा आडनाव वेगळं होतं. लग्नपत्रिकेत किंवा निधनाच्या बातमीत आपण 'पूर्वाश्रमीच्या' लिहितो ना, ते काम इथे दोन कंस करतात. एवढं एक कळलं तरी कुठल्याही संग्रहालयातली पाटी वाचायला मजा येते.

मग आडनाव बदललं कशाला?

गावोगावी पाटील असतात. कोल्हापूरकडचे पाटील, खानदेशातले पाटील, रायगडातले पाटील. आडनाव एक, पण ते मिळालं कामावरून, रक्तावरून नाही. उद्या कुणी म्हणालं की सगळे पाटील एका आजोबांची नातवंडं आहेत तर आपण हसू. अमिवाचं तेच झालं होतं. उन्हात धावणारा, टोकदार तोंडाचा, पोटावर मोठे खवले असलेला सरडा दिसला की लाव अमिवा. त्यात दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे आले, मध्य अमेरिकेतले आले आणि कॅरिबियन बेटांवरचेही आले.

आता नियम असा आहे की एका आडनावाखाली एकाच पूर्वजाची पिलावळ यावी आणि ती सगळी यावी, म्हणजे सख्खा भाऊ बाहेर आणि लांबचा चुलत आत असं चालत नाही. डीएनए तपासायची सोय झाल्यावर लोकांनी ही भाऊबंदकी तपासली आणि लक्षात आलं की बेटांवरचे जवळजवळ सगळे अमिवा एकमेकांचे जवळचे आहेत पण मुख्य भूमीवरच्या अमिवांची आणि यांची शाखा वेगळी. २०१६ साली एका मोठ्या अभ्यासात बेटवाल्यांना वेगळं काढलं. त्यांच्यासाठी नवीन आडनाव शोधावं लागलं नाही, कारण फिट्झिंगर नावाच्या माणसाने १८४३ मध्येच फॉलिडोसेलिस हे आडनाव सुचवून ठेवलं होतं आणि ते कपाटात धूळ खात पडलं होतं. शब्दशः अर्थ खवलेपायी. मराठीत एखाद्या घराण्याचं आडनाव म्हणून काय सुंदर शोभेल, खवलेपायी!

यात एक लॅटिन गंमतही झाली. अमिवा हा शब्द स्त्रीलिंगी, फॉलिडोसेलिस पुल्लिंगी, आणि लॅटिनमध्ये विशेषणाला नामामागे फरफटत जावं लागतं, आपल्या काळी-काळा सारखं. त्यामुळे रेडोंडा नावाच्या खडकाळ बेटावरचा काळा सरडा अमिवा अट्राटा होता तो फॉलिडोसेलिस अट्राटस झाला. पोलॉप्सला ही कटकट नव्हती, तो होता तसाच राहिला.

"नाव बदलून सरड्याला काय फरक पडतो?"

त्याला काही नाही, तो किडे उकरतोय. आणि कायद्यालाही फार नाही, अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो १९७७ पासून आहे आणि आडनाव बदललं म्हणून संरक्षण जात नाही, कारण संरक्षण त्या जिवाला आहे, पाटीला नाही. (सेंट क्रॉय अमेरिकेचं कसं, तर डेन्मार्कने ही बेटं १९१७ मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली.)

फरक पडतो तो आपल्या प्रश्नांना. सगळे अमिवा एकच म्हटलं की वाटतं, या सरड्याचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत भरपूर आहेत, एक बेटावरचा गेला तर काय एवढं. आणि फॉलिडोसेलिस म्हटलं की कळतं की ही फक्त कॅरिबियन बेटांवरच घडलेली शाखा आहे, जेमतेम वीसेक जातींची, बहुतेक बेटांवर एकेकच जात, आणि त्यातल्या ग्वाडेलूप वगैरे भागातल्या काही आधीच कायमच्या गेल्यात. नाव म्हणजे नुसतं लेबल नाही, नात्याचा दावा असतो तो. मी तर म्हणेन वर्गीकरणातली निम्मी भांडणं त्या दाव्यावरून असतात, उरलेली निम्मी इगोवरून.

शेजारच्या बेटांवर तो का नाही?

नकाशा काढून बघा. सेंट थॉमस, सेंट जॉन, टॉर्टोला ही बेटं एका रांगेत आणि सेंट क्रॉय त्यांच्या दक्षिणेला, साठेक किलोमीटरवर. सगळ्यांना मिळून व्हर्जिन आयलंड्स म्हणतात. पण सेंट थॉमसवर जो सरडा आहे तो पोर्टो रिकोतलाच, त्याचं नाव फॉलिडोसेलिस एक्सुल, आणि सेंट क्रॉयवर मात्र पोलॉप्स. एकाच समूहातली बेटं आणि सरडे वेगळे, असं का?

उत्तर वरून दिसत नाही, पाण्याखाली आहे. हाजी अलीचा रस्ता आठवा, ओहोटीला लोक चालत जातात आणि भरतीला तीच दर्गा बेटावर. हेच फार मोठ्या प्रमाणात झालं. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पोर्टो रिको आणि सेंट थॉमस, सेंट जॉन, टॉर्टोला यांच्यामधला समुद्र उथळ, त्यामुळे तेव्हा ती सगळी एकच जमीन होती, सरडे आरामात चालत फिरले. मग बर्फ वितळला, पाणी चढलं, जमिनीची बेटं झाली आणि त्या सगळ्या बेटांवर त्याच एका जातीचे सरडे उरले.

सेंट क्रॉय आणि या बेटांच्या मध्ये मात्र चार हजार मीटरपेक्षा खोल दरी आहे. तिथे १२० मीटरने काय होतंय. म्हणून सेंट क्रॉय कायम एकटं राहिलं आणि त्यावर स्वतःची जात तयार झाली.

मग पहिले सरडे तिथे आले कसे, हे विचाराल. तरंगत. वादळात झाडं उन्मळून समुद्रात जातात, त्यावर बसून. ऐकायला थाप वाटते पण असं घडलेलं आहे, १९९५ च्या चक्रीवादळांनंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला झाडांचा एक मोठा गुंताडा लागला आणि त्यावर निदान पंधरा हिरवे इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे, बसून आले, जे त्या बेटावर आधी नव्हते. कुणी बघितलं नसतं तर आपण आजही म्हणत बसलो असतो की हे शक्य नाही.

साखर, उंदीर आणि आपलं मुंगूस

सेंट क्रॉय साखरेचं बेट. डोंगरउतारापर्यंत ऊस, आणि ऊस म्हटला की उंदीर. जमैकातही तेच. तिथल्या एस्प्यूट नावाच्या एका मळेवाल्याने १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. उसातले उंदीर पटापट कमी झाले म्हणून बाकीच्या बेटांनीही मुंगसं नेली आणि १८८४ मध्ये ती सेंट क्रॉयला पोचली.

(गेलं ते उत्तर भारतातलं बारकं मुंगूस, आपल्याकडे बांधावरून पळतं ते मोठं करडं मुंगूस नव्हे. आणि त्याचंही आडनाव अलीकडे बदललंय, हर्पेस्टिस होतं ते उर्वा झालं. म्हणजे शिकार आणि शिकारी, दोघांनीही पाट्या बदलल्या.)

आता गडबड कुठे झाली तर मुंगूस दिवसा फिरतं आणि उंदीर मुख्यतः रात्री. दिवसपाळीचा वॉचमन ठेवलाय आणि चोर रात्री येतोय. सुरुवातीला सापडले तेवढे उंदीर खाल्ले, उरलेले झाडावर चढून राहायला शिकले, आणि वॉचमनला भूक तर लागणारच. दिवसा जमिनीवर उन्हात कोण बसलेलं असतं? हा सरडा. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवांची अंडी, सगळंच. सेंट क्रॉयचा स्वतःचा एक साप होता, फक्त तिथेच सापडणारा, तो नामशेष झाला. आपल्याकडचे साप, सरडे मुंगसाबरोबर लाखो वर्षं राहिलेत, त्यांना त्याची चाल माहिती आहे. या बेटावरच्या कुणीही असा प्राणी कधी पाहिलाच नव्हता.

मुख्य बेटावर हा सरडा शेवटचा दिसला तो १९६८ च्या आसपास.

"पण मग मुंगूस आल्यावर ऐंशी वर्षं टिकलाच की!"

हा आक्षेप बरोबर आहे आणि मला आवडतो. १८८४ ते १९६८ हा काळ मोठा आहे. शिवाय मुंगूस यायच्या आधी शंभर-दीडशे वर्षं उसासाठी रान साफ केलेलं, मांजरं आलेली, उंदीर तर होतेच, किनाऱ्यावर बांधकामं झाली. मग सगळं मुंगसावर का ढकलायचं?

याचं उत्तर एका शेजारच्या बेटाने दिलं. बक आयलंड, सेंट क्रॉयच्या ईशान्येला, सुमारे ७१ हेक्टर, संरक्षित. १९६८ मध्ये तिथे जेमतेम दीड डझन सरडे नेऊन सोडले. तिथे मुंगसं होती. सरडे टिकले नाहीत. मग १९८० च्या दशकात पिंजरे लावून तिथली मुंगसं संपवली, नंतर उंदीरही काढले, आणि २००८ मध्ये ५७ सरडे नेले, आधी कुंपणात ठेवून जागेची सवय केली आणि मग सोडले. ते टिकले, वाढले, सगळीकडे पसरले.

बेट तेच, सरडा तोच. तुम्ही म्हणाल दुसऱ्या वेळी सरडे जास्त होते. खरंय. पण मधल्या काळात, १९९० मध्ये, रुथ नावाच्या दुसऱ्याच बेटावर फक्त दहा सरडे सोडले होते, आणि तिथे मुंगसं नव्हती, तर ते दहासुद्धा टिकले नि वाढले. म्हणजे नुसत्या संख्येचा खेळ नाही. मुंगूस एकटं दोषी नसेल, पण मुंगूस असेल तिथे बाकी काही करून उपयोग होत नाही एवढं यातून कळतं.

आज नेमका कुठे आहे?

चार तुकड्यांवर, आणि ते चारही बघण्यासारखे आहेत.

पहिला प्रोटेस्टंट की (की म्हणजे तिकडे छोटं बेट). सेंट क्रॉयवरच्या क्रिश्चनस्टेड शहराच्या बंदरात, किनाऱ्यावरून दगड मारला तर पोचेल असं वाटावं इतकं जवळ, सुमारे तीन एकर, आणि त्यावर हॉटेल. हो, हॉटेल! जगातली एक दुर्मिळ जात हॉटेलच्या बागेत, पर्यटकांच्या चपलांमधून पळत असते आणि तरी टिकली, कारण मधल्या चिंचोळ्या पाण्याने मुंगूस अडवलं.

दुसरा ग्रीन की, चौदा एकर, निर्मनुष्य, १९७७ पासून अभयारण्य. सरड्यांचा हा मुख्य गड, बक आयलंडचे ५७ इथूनच गेले. हे दोन तेवढे मूळचे. म्हणजे समुद्र खाली होता तेव्हा सेंट क्रॉयलाच जोडलेले होते, पाणी चढल्यावर तुटले आणि त्यामुळेच वाचले.

तिसरं रुथ. हे बेटच नव्हतं! १९६० च्या दशकात दक्षिण किनाऱ्यावर बोटींसाठी खाडी खोल करताना जो गाळ निघाला तो टाकून टाकून तयार झालेला ढिगारा, त्यावर पुढे झाडोरा उगवला. चौथं वर सांगितलेलं बक आयलंड.

आता एखाद्या पुस्तकात या सरड्याच्या वस्तीचा नकाशा बघितलात तर चार ठिपके दिसतील, आणि वाटेल याला छोटी बेटंच आवडतात. तसं नाहीये. त्याचं घर ते मधलं रिकामं मोठं बेट, २१८ चौरस किलोमीटरचं. पूर आल्यावर लोक शाळेत राहायला जातात, म्हणून काही शाळा हा त्यांचा कायमचा पत्ता होत नाही.

"चार जागा आहेत ना, मग काळजी कसली?"

चारही जागा एकाच बेटाच्या आजूबाजूला आहेत आणि तो पट्टा चक्रीवादळांचा. १९८९ चं ह्यूगो सेंट क्रॉयवरूनच गेलं, २०१७ चं मारिया अगदी जवळून. तीन एकरांच्या सपाट बेटावर समुद्र आत शिरला तर सरडा पळून जाणार कुठे. दुसरं म्हणजे दहा सरड्यांपासून वाढलेली वस्ती म्हणजे एका वाड्यातच सगळी लग्नं लावल्यासारखं, संख्या वाढते पण रक्त तेच फिरतं. आणि तिसरं, एखाद्या बोटीतून दोन उंदीर उतरले तरी पुरेत. बक आयलंडमुळे मोठा आधार झालाय यात वाद नाही, बाकी तिन्ही एकत्र केली तरी ते कितीतरी मोठं आहे.

"मग मोठ्या बेटावरच परत सोडा की"

त्यासाठी आधी तिथलं मुंगूस संपवावं लागेल. ७१ हेक्टरवर पिंजरे लावून शेवटचं मुंगूस पकडता येतं, पण २१८ चौरस किलोमीटरवर शहर, शेतं, कचऱ्याचे ढीग, लोकांची आवारं यातून शेवटचं गाभण मुंगूस शोधणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि नव्व्याण्णव टक्के पकडून काही मिळत नाही कारण उरलेली परत भरून काढतात. एक बेट नऊ मुंगसांपासून भरलं हे जमैकाने दाखवलंच आहे. कुंपण घालून एखादा किनारा मोकळा करता येईल का, हा विचार करण्यासारखा मार्ग आहे, पण मुंगूस बीळ करतं, फटीतून जातं, आणि वादळात झाड पडून कुंपण तुटलं की झालं.

तोवर सेंट क्रॉयचा सरडा बघायचा असेल तर सेंट क्रॉयला जाऊन तिथून परत बोटीत बसायचं, हॉटेलच्या धक्क्यावर उतरायचं आणि सकाळी ऊन वर आलं की झुडपांखाली खसफस कुठून येते ते ऐकत थांबायचं. निळ्या कड्यांची शेपूट आधी दिसते म्हणे. बोटीला यायच्या वाटेवर मुंगूस आडवं गेलंच, तर त्याचं काय समजायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.